कुंपणावरचा लाल ठिपका

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि खरं सांगायचं तर आता थकले आहे. माझा पट्टा दोनदा शिवून झाला, उजवी काच कडेला पिचली आणि इथल्या जुलैतल्या हिवाळ्यात माझं चाक हलता हलत नाही.

जपानमधल्या एका कारखान्यात माझ्या काचा घासल्या गेल्या. तिथून मी जहाजाने ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या या छोट्या गावात आले. माझी मालकीण नोरीन. तिचा नवरा तिला अंगठी घेणार होता. तिने दुकानात अंगठीऐवजी माझ्याकडे बोट दाखवलं. तो बिचारा पुढे वारला. तिच्या गळ्यात मी राहिले.

आमची पक्षी बघायची ठिकाणं घराजवळचीच. दफनभूमी, क्रिकेटचं मैदान आणि सर्वांत लाडकी म्हणजे गावाचं सांडपाणी सोडतात ती तळी. नाकं मुरडू नका. बदकांना ती आवडतात, म्हणून आम्हालाही. शेजारचा क्लेम थर्मास घेऊन सोबत येतो. त्याच्या गळ्यात माझ्याहून भारी दुर्बीण असते, पण ते जाऊ दे. माणूस मोठा चिकित्सक. नोरीनने पक्षी सांगितला की याची उलटतपासणी सुरू: शेपटी कशी होती, पंखावर पट्टा दिसला का, चोच नीट पाहिलीस का. त्याने मान डोलावल्याशिवाय पक्षी दिसला असं धरायचं नाही, हा दोघांचा नियम. एका ससाण्यावरून त्यांचा अबोला सबंध हिवाळा टिकला होता.

अलीकडे नोरीनच्या डोळ्यांत मधोमध धुकं साचत चाललं आहे. ती मलाच पुसत राहते, चाक फिरवत राहते. दिसायचं थांबलं की या सकाळीही संपतील, याची तिला धास्ती आहे. मलाही आहे.

परवा गवतावरचं दव गोठून पांढरं झालं होतं. लाल छातीचे रॉबिन पक्षी थंडीत डोंगरावरून खाली उतरतात, त्यांच्यासाठी आम्ही तळ्यांमागच्या कुंपणाशी उभे होतो. नोरीनने मला डोळ्यांना लावलं. तारेवर लाल ठिपका होता.

"रॉबिन," ती म्हणाली. "नर आहे."

मला स्वच्छ दिसत होतं. कुठल्याशा गायीच्या कानातला लाल प्लॅस्टिकचा बिल्ला तारेत अडकला होता. क्लेमनेही पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हो गं," तो हळूच म्हणाला. "रॉबिनच."

नोरीनने मला खाली घेतलं. 

"शेपटी नाही विचारलीस?"

क्लेम थर्मासमधला चहा ओतू लागला.

"इतक्या वर्षांत माझा एक पक्षी सुखासुखी मान्य केला नाहीस. आज बरा लगेच केलास. काय आहे ते, सांग."

"गायीचा बिल्ला आहे."

"मग तसं बोल की. डोळे गेलेत माझे, अक्कल नाही गेली. तू कीव करायला लागलास ना, की मी घरी बसले म्हणून समज."

क्लेमने कप तिच्या हातात दिला. तेवढ्यात तळ्याकाठच्या लव्हाळ्यातून एका पक्ष्याची बारीक शीळ आली. कोण ते, त्याने विचारलं. तिने क्षणभर ऐकून नाव सांगितलं.

"कशावरून?" क्लेम म्हणाला. "मला नाही पटत."

दोघं तावातावाने भांडत गाडीपर्यंत आली.

आता मी तिच्या स्वेटरवर नुसती लोंबकळते. मला डोळ्यांना लावणं तिने सोडलं आहे; पक्षी ती आता कानांनी ओळखते. वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? मित्रांनो, माझ्यासारखीला मऊ फडक्याने पुसा, कोरडी ठेवा, एवढं सांगून मी थांबणार होते. पण तुमचं म्हातारं माणूस चुकलं, तर त्याच्याशी भांडा. हो ला हो करून त्याला घरी बसवू नका.