आपलेच दात

"मूठ वळ बघू," साडू म्हणाला.

कवळीकराने मूठ वळली. साडूने ती दोन्ही हातांत घेतली, बाजारात टोमॅटो चेपून पाहावेत तशी पेरापेरांवर दाबली आणि मग आपले हात रुमालाला पुसले. रोग लागणारा नव्हता. खरे तर तो अजून आलेलाही नव्हता.

लोकांच्या तोंडांचे साचे हाताळण्यात कवळीकराचा जन्म गेला होता. शिळी लाळ, तंबाखूचा राप, साच्याला चिकटून आलेले घास, सगळे त्याने पाहिले होते. आता आपल्याला किळस येणार नाही, अशी त्याची समजूत होती. पण त्या रुमालाची आली.

कवळ्यांचा हा कारखाना दोघा साडूंचा. मेण कोरायचे, दात बसवायचे, हिरडीचा रंग जुळवायचा, हे कवळीकराचे काम. बोलायचे काम साडूचे. बोलण्यात तो कमी पडला आहे, असे कुणी म्हणणार नाही.

प्रकरण सुरू झाले ताईपासून. कवळीकराच्या या थोरल्या बहिणीचे हात संधिवाताने वाकडे झालेले. इस्पितळात भावंडांचेही रक्त तपासत होते. ताईचे मन राखायला याने दिले.

"सांधे साफ आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण रक्तात तयारी दिसतेय."

"कसली तयारी?"

"अंगातले पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजायला लागलेत. अजून मारामारी नाही. उद्या होईल, दहा वर्षांनी होईल, कदाचित होणारही नाही. सिगारेट मात्र सोडा. आणि आ करा बरं."

त्यांनी हिरडीवर बोळा दाबला. तो लाल होऊन आला, आणि वास आला तो वेगळाच.

"कवळ्या बनवता ना हो तुम्ही?" बाईंनी विचारले. "ही गडबड पुष्कळदा हिरड्यांतून सुरू होत असावी, अशी शंका आहे."

त्याला भीती नाही वाटली. घाण वाटली. त्या दिवसापासून तो आपलीच थुंकी परक्याची असल्यासारखी गिळू लागला. एखादी कवळी ओठाला टोचली, की कारखान्यात ते हसून म्हणत, "आपलेच दात, आपलेच ओठ, सांगता कुणाला?" आता ती म्हण त्याच्या रक्तात उतरली होती, आणि तिच्यात हसण्यासारखे काही उरले नव्हते.

सांगितले त्याने फक्त बायकोला. बायकोने सांगितले फक्त बहिणीला, "कुणाला बोलू नकोस" असे बजावून. त्यामुळे बातमी रात्रीच्या जेवणाआधीच साडूच्या घरी पोचली. आता घरात बरणीचे झाकणसुद्धा त्याला उघडू देत नसत. माणूस धडधाकट बसलेला असताना त्याच्या कपड्यांची वाटणी चालावी, तसला सगळा प्रेमळपणा.

"मी काय म्हणतो," साडू म्हणाला, "तू पुढे बस. फोन घे. कामाच्या बाकावर एक मुलगी ठेवू, चांगला हात आहे तिचा."

"माझ्या हाताला काय झालंय?"

"झालं नाही रे. व्हायच्या आधी बघितलेलं बरं. तुझ्याच भल्याचं सांगतोय."

"भल्याचं सांगणारा हात पुसत नाही."

साडू हसला. दाखवायचे सगळे दात दिसले.

एवढ्यात ताई आली, नवी कवळी घालून बघायला. जुनी तिला स्वतःला काढता येत नसे.

"सूनबाई तोंड फिरवून माझ्या तोंडात बोटं घालते," ती म्हणायची. "तिलाही किळस, मलाही. रोज दोन वेळा."

कवळीकराने नव्या कवळीच्या काठाला छोटा उंचवटा ठेवला होता, ताईच्या वाकड्या अंगठ्याच्या बरोबर मापाचा. साडू त्याला 'मस' म्हणत असे.

कवळी तोंडात बसल्यावर ताईने त्या उंचवट्याला अंगठा अडकवला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा कवळी लाळेची तार ओढत बाहेर आली. बोळके पसरून ताई हसली आणि तिने ती साडूपुढे केली.

"धरा की पाहुणे."

सवयीने साडूचा हात पुढे झाला. कवळी ओली होती, कोमट होती. रुमाल खिशात होता, पण ताई बघत होती.

"कशी झालीय?"

"छान."

"ती मुलगी बनवेल अशी? दारातूनच ऐकलं मी."

साडू तळहाताकडे बघत राहिला. मग म्हणाला, "राहू दे बाक त्याचा. तूर्त."

तूर्त. डॉक्टरीणबाईंच्या 'अजून'चे सख्खे भावंड.

कवळीकराने त्याच्या हातातून कवळी घेतली, नळाखाली धुतली, ताईच्या तोंडात बसवली. नळ बंद केला. तरी धार बारीक चालूच होती. सकाळपासून मूठ जरा उशिरा वळत होती; थंडी असेल. साडू पाठमोरा होऊन एकदाचा हात पुसत होता.

ताईने धारेकडे पाहिले, भावाकडे पाहिले. मग ती पुढे झाली आणि तिने कोपराने नळाची दांडी दाबून बंद केली.