अण्णांचा अंगठा

मित्रांनो, मी कानडी मुलखातल्या चामराजपेटेतली एक जुनी आरामखुर्ची. शिसवाची आहे, सागवानाची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. लोक हल्ली काहीही बोलतात. रघुजी सुतारांनी मला घडवलं, बैठकीला वेत विणला आणि जयतीर्थरावांच्या पडवीत आणून ठेवलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. आल्यागेल्यांनी माझे लांब हात कुरवाळून वाहवा करायची आणि मी मनातल्या मनात फुगायचं, असे ते दिवस होते.

मग अण्णा पोस्टातून निवृत्त झाले आणि दिवसभर माझ्यातच बसू लागले. कुठल्याशा साप्ताहिकात त्यांनी नाडी मोजण्याविषयी वाचलं. झालं! जो दिसेल त्याचं मनगट धरायचं, त्यावर अंगठा दाबायचा आणि घड्याळाकडे बघत ओठ हलवायचे. दूधवाला शिवाप्पा तर एकदा सापडल्यापासून लांबूनच भांडं ठेवून पळ काढी.

त्यातच त्यांच्या लेकीला, अहल्येला, जालहळ्ळीच्या घड्याळाच्या कारखान्यात नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं होतं. पोरगी हरखून गेली होती. शनिवारी अण्णांनी तिचं मनगट धरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"ब्याण्णव! हृदय कमजोर आहे तुझं. कारखाना-बिरखाना काही नाही. कषाय पी आणि पडून राहा."

"अण्णा, मला काहीसुद्धा झालेलं नाही!"

"मग नाडी खोटं बोलते होय?"

आई विमलाबाई मध्ये पडल्या, तर त्यांचीही ब्याण्णवच निघाली. मायलेकी धने-जिऱ्याचा तो कडक कषाय पीत बसल्या. अहल्येचे डोळे भरून आले होते. मला तर वेताची एखादी काडी अण्णांना टोचावीशी वाटत होती. पेला अर्धा झाला आणि अहल्या थबकली.

"अण्णा, अम्माची ब्याण्णव, माझी ब्याण्णव. माझं नोकरीचं पत्र आलं तेव्हा शिवाप्पाची किती निघाली होती?"

"ब्याण्णव."

"सरी, ठीक आहे. आता स्वल्प, जरा या खुर्चीची बघा."

अण्णा चिडले, पण उत्सुकता त्यांना कधी आवरलीय? माझ्या हातावर त्यांनी अंगठा दाबला. सेकंदकाटा फिरला. अण्णांचा आवाज एवढासा झाला.

"हिचीसुद्धा ब्याण्णव."

अय्यो, केवढी घाबरले मी! आता मलाही कषाय पाजतात की काय! विमलाबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

"अण्णा, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. शाळेत प्रथमोपचारात शिकवलंय आम्हाला. तुम्ही सगळ्यांच्या मनगटावर स्वतःचीच मोजताय." अहल्येने त्यांना माझ्यात नीट टेकवलं, त्यांचा तळहात वर केला आणि अंगठ्याच्या मुळाखाली मनगटावर दोन बोटं हलकेच ठेवली. घड्याळाकडे बघत तिने पुरतं मिनिट मोजलं.

"धडधड तुमची आहे, अण्णा. कशाला एवढी?"

"एकटी पोर एवढ्या लांब बसने जाणार! धडधडणार नाही तर काय?" म्हणाले आणि अण्णा चक्क रडले. माझा हात भिजला. लाकडाला पाणी बरं नव्हे, पण तेव्हा मी गप्प राहिले.

सोमवारी अण्णाच तिला बसमध्ये बसवून आले. मग स्वतःच्या मनगटावर दोन बोटं ठेवून ती परतेपर्यंत मोजत बसले.

आता मी मागच्या दारी असते, अंगावर तांदळाची गोणी. मित्रांनो, जुन्या खुर्चीला अधूनमधून तेलाचं बोट लावत जा. आणि नाडी बघायची तर निवांत बसा, दोन बोटं ठेवा, पुरतं मिनिट मोजा. पोरीबाळींना कमजोर ठरवण्याआधी धडधड कुणाची आहे, तेवढं बघा.