चाळिसाव्याची यासीन

तारमुजीच्या बायकोला, मुरजिनाला, जाऊन चाळीस दिवस झाले. दुपारच्या अस्र नमाजानंतर गल्लीतले तीसेक पुरुष त्याच्या ओसरीवर चटयांवर कुराणातली यासीन सुरा वाचायला बसले. प्रत्येकाच्या हातात नवी छापलेली पुस्तिका, वर मुरजिनाचा फोटो.

गावचे धर्मविधी सांभाळणारे मोदिन कुसनान असे सुटले की जणू मागे कुत्रं लागलंय. त्यांना आज अजून दोन घरी वाचायचं होतं. बाकीचे धापा टाकत त्यांच्या मागे.

तारमुजीला अरबी वाचता येत नव्हतं. पण मुरजिना वीस वर्षं बायकांच्या यासीन-मंडळाची प्रमुख होती. दर गुरुवारी ती इथंच वाचायची आणि तो आत टोपल्या विणायचा. ऐकून ऐकून सगळं कानात बसलं होतं. मध्ये सलामची आयत येते, ती या गावात तीनदा म्हणतात. मुरजिना तिथं अगदी हळू व्हायची.

मोदिन ती एकदाच म्हणून पुढे गेले.

तारमुजी दात आवळून बसला. यासीन संपली, मोदिनांनी दुवेला हात उचलले, तेव्हा तो म्हणाला, "थांबा. सलाम तीनदा झाला नाही."

"अहो तारमुजी, एकदा म्हटलं तरी तिला पोचतं."

"पोचत असेल. तिला आवडणार नाही."

"मला अजून दोन घरं आहेत हो!"

"तिथं पळा. इथं नाही."

"डबे तरी वाटा," मागून कोणी बोललं, "कोंबडी गार होतेय."

तारमुजी उठला आणि स्वयंपाकघराच्या दारातच मांडी घालून बसला. डबे त्याच्या पाठीमागे.

"बापाक, उठा!" त्याची मुलगी वारसी आतून कुजबुजली. "लोक काय म्हणतील?"

"लोक तीनदा म्हणत नाहीत, हेच तर दुखणं आहे."

तेवढ्यात चुलीजवळून मंडळातल्या एका म्हातारीनं सावकाश सलामची आयत सुरू केली. भांडी खाली ठेवून बाकीच्या बायका तिच्या सुरात मिसळल्या. मोदिनांनी चष्मा काढला, उसासा टाकला आणि तेही त्याच चालीनं म्हणू लागले. मग ओसरीही.

तारमुजी बोटांवर मोजत होता. मुरजिना जिथं श्वास घ्यायची, तिथं सगळ्यांनी श्वास घेतला.

"झालं का आता?" मोदिनांनी विचारलं.

"दुसऱ्यांदा जरा घाई केलीत," तारमुजी म्हणाला. पण दुवा झाल्यावर तो दारातून उठला आणि पहिला डबा त्यानं स्वतःच मोदिनांच्या हातात दिला.