अडकलेली ओळ

कौशल्याबाईंचं मौन पहाटे उठल्यापासून देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत असे. राजनंदिनी पाच वर्षांची असताना टायफॉईडमधून उठली, तेव्हा धरलेला हा नेम. राजनंदिनी आता खराडीत कंपनीत होती, वाघोलीला तिचा स्वतःचा फ्लॅट होता, पण आईचा नेम काही सुटला नव्हता.

त्या मौनात घरात एकच आवाज असे, भजनांच्या तबकडीचा. कौशल्याबाई पाटावर बसल्या की बद्रीनाथराव रेकॉर्ड प्लेअर लावत. गाणारी बाई काही मोठ्या नावाची नव्हती, कंपनीही केव्हाच बंद पडलेली. पण सदाशिव पेठेतल्या त्या तिसऱ्या मजल्यावर तीस वर्षं तिच्याच गळ्यानं देव जागा होत होता.

तबकडीला एक चरा होता. लहानपणी राजनंदिनीच्या हातून पूजेची घंटा तिच्यावर पडली होती. तेव्हापासून तिसऱ्या भजनात सुई त्या जागी आली की अडके. ‘दिवा लावुनी... दिवा लावुनी... दिवा लावुनी...’ मग बद्रीनाथराव पेपर बाजूला ठेवून उठत, “कौशल्या, अडकली गं,” असं म्हणत आणि बोटाच्या टोकानं सुई हलकेच पुढं सरकवत. कौशल्याबाई मौनात असत. त्या मान न वळवता नुसता हात वर करत. म्हणजे, कळलं.

पाच वर्षांपूर्वी बद्रीनाथरावांचं विसरणं सुरू झालं. टेलिफोन खात्यात हजारो नंबर तोंडपाठ असलेला माणूस आधी चष्मा विसरला, मग जिना, मग लेक. अलीकडे ते बायकोलाही “अहो बाई, चहा मिळेल का?” असं अदबीनं विचारत. कौशल्याबाई चहा देत. “साखर बरोबर आहे का?” म्हणून विचारत. “उत्तम. आपण कुठल्या?” ते म्हणत.

फक्त सकाळी एकदा, सुई अडकली की, हात आपोआप पेपर बाजूला ठेवत, पाय आपोआप उठत आणि तोंडातून आपोआप ते नाव येई. कौशल्या. कौशल्याबाईंनी याचा कधी वेगळा विचार केला नव्हता. रोज उजाडतं त्याचा कोण विचार करतो?

श्रावण तोंडावर आला तेव्हा त्यांच्या मनानं घेतलं, की देवासमोर अशी चरा पडलेली, कडेला टवका उडालेली तबकडी लावणं बरं नव्हे. भंगलेली मूर्ती आपण पूजेत ठेवत नाही, मग भंगलेलं भजन कसं चालतं? शिवाय ह्यांना सारखं उठावं लागतं. गुडघे दुखतात त्यांचे.

“आई, ऑनलाइन मिळेल की,” राजनंदिनी म्हणाली आणि फोनवर शोधायला बसली.

पहिली तबकडी आली ती उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखी वाकडी. फोटोत मात्र आरशासारखी दिसत होती. दुसरीचं कव्हर अगदी तेच, त्यावर तोच शंख-चक्रवाला विष्णू. कौशल्याबाईंनी हळदकुंकू वाहून सुई ठेवली, तर आतून कुणी बाई खोकल्यासारखं हसली आणि ढोलकीवर लावणी सुरू झाली. मौनामुळे त्यांना ओरडताही येईना. बद्रीनाथराव मात्र खूश. “वा! प्रसाद कधी आहे?” म्हणाले.

तिसरा विक्रेता निराळा निघाला. त्यानं तबकडीचे अकरा फोटो पाठवले, उजेड तिरपा पाडून काढलेले. वर पूर्ण बाजू वाजवल्याचा व्हिडिओ. आणि पत्ता बुधवार पेठेचा.

“सदाशिवातून बुधवारात कुरिअर मागवताय?” फोनवर ते विक्रेते, मैनुद्दीनभाई, म्हणाले. “पाकीट आधी गावाबाहेर जाऊन येईल. तुम्ही चालत निघा बाई, दर्शन घेऊन या, तरी लवकर पोचाल.”

दुकान म्हणजे रेडिओ दुरुस्तीचं वडिलोपार्जित टपरीवजा खोपट. मैनुद्दीनभाईंनी तबकडी दोन तळव्यांत कडेनं धरली आणि ट्यूबलाइटखाली तिरकी केली. “समोरून बघितली की सगळ्याच चांगल्या दिसतात. अशी बघायची. एक रेघ दाखवा.” मग सुई ठेवली. तिसरं भजन आलं.

‘दिवा लावुनी बसले देवा, तुझ्या पायरीशी,
तेल सरो वा वात सरो, मी उठायची नाही.’

अख्खी ओळ सलग त्यांनी चरा पडल्यापासून ऐकली नव्हती. डोळे भरून आले. “देवच भेटला हो,” त्या म्हणाल्या.

जुनी भंगारवाल्याला देणं शक्यच नव्हतं, देवाचं नाव होतं तिच्यात. त्यांनी ती लाल कापडात गुंडाळली, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि ओंकारेश्वरापाशी नदीकाठच्या निर्माल्य कलशात सोडली. विसर्जनाच्या वेळी देवाला पुन्हा या म्हणतात. तबकडीला काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून तेच म्हणाल्या.

पहिल्या सोमवारी नवी तबकडी लागली. पहिलं भजन झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. बाजू संपली. बद्रीनाथराव पेपर घेऊन बसले होते. ते उठले नाहीत.

मंगळवारी नाही. बुधवारी नाही.

गुरुवारी कौशल्याबाई पाटावर बसून त्या ओळीची वाट पाहत होत्या. ओळ आली, मधासारखी सलग गेली आणि त्यांचा हात वर झाला. सवयीनं. मागून कुणी काही म्हणालं नव्हतं. हात तसाच हवेत राहिला, आणि तेव्हा त्यांना कळलं की आपण नदीकाठी काय ठेवून आलो.

नैवेद्य दाखवून, नवी तबकडी पिशवीत घालून त्या तशाच निघाल्या. कलश रिकामा होता. झाडणारी बाई म्हणाली, “गाडी रोज येती मावशी. काय पडलं का सोन्याचं?”

“नाही गं,” त्या म्हणाल्या.

मग बुधवार पेठ. “मैनुद्दीनभाई, हीच तबकडी, पण चरा असलेली मिळेल का?”

ते चष्म्यावरून बघत राहिले. “चाळीस वर्षांत खराब माल मागणारं पहिलं गिऱ्हाईक तुम्ही.”

कौशल्याबाईंनी हळू आवाजात सगळं सांगितलं. मैनुद्दीनभाईंनी पंखा बंद केला, ऐकू यावं म्हणून. मग म्हणाले, “बाई, चरा शोधून मिळत नाही. शंभर तबकड्या आणल्या तरी तुमच्या घरचा चरा तुमच्याच घरी पडलेला. म्हणाल तर हिच्यावर मी पाडून बघतो. जागा दाखवा. अडकेल याची खात्री नाही, पण बघतो.”

त्यांनी बारीक टोच्या उचललासुद्धा. कौशल्याबाईंनी पिशवी छातीशी धरली. “देवाच्या नावावर ओरखडा?”

“तेही खरंच,” ते म्हणाले आणि टोच्या खाली ठेवला. “माझाही हात चालला नसता.”

शुक्रवारी सकाळी बद्रीनाथरावांनी तबकडी लावली. तेवढं हाताला अजून येत होतं. कौशल्याबाई पूजेला बसल्या. तिसरं भजन सुरू झालं तशा त्या उठल्या, प्लेअरपाशी गेल्या आणि ओळ आली तेव्हा सुई उचलून धरली. घर शांत झालं. त्यांनी देवाकडे पाहिलं नाही. तोंड उघडलं.

“दिवा लावुनी... दिवा लावुनी... दिवा लावुनी...”

पंचवीस वर्षांत त्या वेळी त्यांच्या गळ्यातून शब्द निघाला नव्हता. आवाज फाटत होता. पेपर खाली आला. बद्रीनाथराव उठले. गुडघ्यावर हात ठेवून, नेहमीसारखे. कौशल्याबाई थांबल्या नाहीत. ते जवळ आले, अगदी जवळ, आणि त्यांच्या तोंडाकडे निरखून बघू लागले.

“अहो बाई,” ते मायेनं म्हणाले, “अडकलात का? पुढची ओळ येत नाही?”

कौशल्याबाईंनी नाही म्हणून मान हलवली.

“आमच्या कौशल्येला विचारा. तिला सगळी भजनं येतात. पण पूजा होऊ द्या. सकाळची ती बोलत नाही.”

“कुठे आहेत त्या?”

“ती काय,” त्यांनी देवघराकडे बोट दाखवलं. पाट रिकामा होता. समई जळत होती.

कौशल्याबाईंनी सुई पुन्हा खाली ठेवली. जाऊन पाटावर बसल्या, त्यांच्याकडे पाठ करून, तोंड मिटून. मागं भजन पुढं सरकलं, बाजू संपली, तबकडी नुसतीच फिरत राहिली. नैवेद्याची वाटी शेजारी निवत होती. ती दाखवली की मौन सुटणार होतं, म्हणून त्यांनी घंटेला हात लावला नाही.