साफ करवून घ्यावं

नोटरीची कचेरी बंद करून एव्हारिस्त घरी बसला आणि तिसऱ्याच महिन्यात त्याला स्वयंपाकाचं खूळ लागलं. रविवारच्या जुन्या बाजारातून त्याने शंभर वर्षांपूर्वीचं पाककृतींचं पुस्तक आणलं. कापडी बांधणी, पानापानावर लोण्याचे डाग. सकाळी कॉफी पिताना तो ते बायकोला वाचून दाखवी. सोलांजला सुरुवातीला आवडलंही. अक्रोडाएवढं लोणी घ्यावं, रस्सा हसू लागला की आच कमी करावी. त्यात ना ग्रॅम होते ना मिनिटं. ऐकताना तिच्याही तोंडाला पाणी सुटायचं.

त्या पुस्तकाची खोड मात्र तिच्या उशिरा लक्षात आली. जे जे घाणेरडं, किचकट, तिथे लिहिलेलं असे: 'करवून घ्यावं'. ससा सोलवून घ्यावा. आतडी धुववून घ्यावीत. लिहिणाऱ्याच्या घरी मोलकरणी होत्या. एव्हारिस्तच्या घरी सोलांज होती.

त्यातच त्याला गावातल्या खवय्यांच्या मंडळाचं पदक हवंसं झालं. मंडळाची अट एकच होती. जुन्या पुस्तकातला एक पदार्थ स्वतःच्या हातांनी, पहिल्यापासून शेवटपर्यंत करून सभासदांना जेवू घालायचा. या पठ्ठ्याने निवडलं वासराचं डोकं. तेही खाटकाने सोलून, बांधून दिलेलं नव्हे, तर केसांसकट अख्खं. शनिवारी कागदात गुंडाळून आणून ते त्याने ओट्यावर ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "डोकं साफ करवून घ्यावं." मग चष्म्यावरून बायकोकडे पाहिलं.

"तुझा हात बसलाय," तो म्हणाला.

सोलांजचा हात कसला बसतोय? तिने केस जाळले, कातडी खरवडली, कानांतून बोटं फिरवली. त्या अर्धवट मिटलेल्या डोळ्यांकडे न बघता तिने हिरड्या आणि लोंबती जीभ घासली. मेंदूवरची बुळबुळीत साल नखांनी सोलून काढली. लिंबू चोळचोळूनही नखांतला वास जाईना. एव्हारिस्त तेवढ्यात अकरा वाडगी खराब करत सॉससाठी पार्सली चिरत होता आणि वर शीळ घालत होता.

रविवारी दुपारी सहा सभासद मखमली टोप्या घालून आले. सगळे जेवायला बसले. सोलांजचं ताट मांडलेलंच नव्हतं, ती वाढत होती. चिकट गाल आणि कान भुरके मारत खाल्ले जात होते, हनुवट्यांवरून रस ओघळत होता. शेवटी अध्यक्ष द्युक्लो यांनी एव्हारिस्तला उभं केलं आणि ठरलेला प्रश्न विचारला: हे सगळं तुम्ही स्वतः केलंत?

"पहिल्यापासून शेवटपर्यंत," एव्हारिस्त म्हणाला. "याच हातांनी."

सोलांज ब्रेडची टोपली घेऊन दारात उभी होती.

"अहो, मग नाकपुड्यांतून काय निघालं, ते सांगा की पाहुण्यांना."

एव्हारिस्त लालबुंद झाला. "काय निघणार? गवत."

"शेंबूड," सोलांज म्हणाली. "हिरवा, घट्ट. बोट घालून काढावा लागला. आणि पापण्या एकेक करून उपटल्या, माझ्या भुवयांच्या चिमट्याने."

एकाने काटा खाली ठेवला. पण अध्यक्ष खळखळून हसले. साफसफाई काही पाककलेत मोडत नाही, वहिनींनी मनाला लावून घेऊ नये, असं म्हणत त्यांनी पदकाची रेशमी फीत एव्हारिस्तच्या गळ्यात घातली. टाळ्या झाल्या. काटा ठेवणाऱ्यानेही तो पुन्हा उचलला. आदल्या दिवशी त्या मेलेल्या जिभेची आली नव्हती एवढी किळस सोलांजला या सहा चालत्या जिभांची आली, आणि सातव्या, नवऱ्याच्या गप्प राहिलेल्या जिभेची त्याहून जास्त.

"वहिनी, गालाचा भाग अजून थोडा," अध्यक्षांनी ताटली पुढे केली.

सोलांजने एप्रन सोडला, नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि त्याची ताटली दूर सारली. तिने टोपलीतला ब्रेड तोडून घेतला.

"हे वाढतील," ती म्हणाली. "उभेच आहेत."

एव्हारिस्तने तिच्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे, आणि अध्यक्षांची ताटली घेऊन स्वयंपाकघरात गेला. एक खण उघडल्याचा आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा. काहीतरी खाली पडलं. बऱ्याच वेळाने तो रिकामी ताटली घेऊन दारात आला, गळ्यात पदक तसंच.

"सोलांज," त्याने हळूच विचारलं, "वाढायचा मोठा डाव कुठे असतो गं?"

आता सहाही जणांनी काटे खाली ठेवले.