साडेबाराची काच

नदीवरच्या पुलाच्या चौथ्या खांबाला तडा होता आणि त्या तड्यावर नजर ठेवणं हे त्याचं काम होतं. साधन एकच, काच. बोटभर रुंद, वीतभर लांब पट्टी तड्यावर आडवी धरायची, दोन्ही टोकं प्लॅस्टरने पक्की करायची आणि वर तारीख कोरायची. तडा केसभर जरी रुंदावला तरी पट्टी मोडते. खात्याच्या कागदावर तो पूल-मिस्त्री होता, पण ट्रकवाल्यांनी त्याचं नाव काचवाला पाडलं होतं.

काच लावायची ती पहाटे, रात्रभराच्या गारव्याने दगड आक्रसलेला असताना. त्या वेळी फट सगळ्यात जास्त उघडी असते. दुपारच्या उन्हात दगड फुगतो आणि फट मिटते. तेव्हा लावलेली काच रात्री खांब निवला की आपली आपण मोडते, वरून एकही ट्रक गेला नाही तरी. हे तो रेल्वेत असताना शिकला होता आणि छत्तीस वर्षांत त्याने ते एकदाही चुकवलं नव्हतं. वहीतल्या वेळेच्या रकान्यात 'सकाळी ६' हे तो आदल्या संध्याकाळीच लिहून ठेवत असे. दुसरं काही लिहायची वेळच आली नव्हती.

शेजारी रेल्वेचा जुना पूल अजून भक्कम उभा होता. त्यावर रूळ तेवढे नव्हते. बारा वर्षांपूर्वी वर कुठेतरी हिशेब झाला की मालगाडीपेक्षा रस्ता स्वस्त पडतो. रूळ उचलले, भंगारात गेले, आणि काचवाला रेल्वेतून रस्त्यांच्या खात्यात आला. तेव्हापासून बंदरावरचा गहू, राजधानीकडे जाणारं मीठ, तेल, सिमेंट, सगळं एकाच पुलावरून जात होतं. दिवसाला अकराशे ट्रक. त्याचं घर पुलापासून शंभर पावलांवर होतं. भरलेला ट्रक गेला की स्वयंपाकघरातल्या फळीवरची भांडी किणकिणायची. मुलगी त्या आवाजातच वाढली आणि पुढे लग्नही तिने ट्रेलरच्या ड्रायव्हरशी केलं. "आवाजाची सवय होती, म्हणून निभावलं," असं ती नवऱ्यासमोरच म्हणायची.

ती बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. त्या मंगळवारी पहाटे पाच वाजता जावई ट्रेलर पुलाजवळ लावून आपल्या तान्ह्या लेकीला बघायला घरात शिरला. काचवाला पट्ट्यांची पेटी उचलून निघालाच होता.

"मामा, आज बाळाचा डोस आहे म्हणे," जावई म्हणाला. "तुम्हीही चला की दवाखान्यात. मला एकट्याला सुई बघवत नाही."

"एवढा मोठा ट्रेलर हाकता आणि सुईला घाबरता?"

"ट्रेलर रडत नाही ना, मामा. चला. पूल काय पळून जातोय?"

मुलगी हसली. तिने बाळ काचवाल्याच्या खांद्यावर दिलं, ते तिथेच झोपलं आणि त्याला ते खाली ठेववेना. सगळे ट्रेलरनेच तालुक्याच्या दवाखान्यात गेले. तिथे रांग होती, मग डोस देणारी नर्स उशिरा आली. जावई तिथूनच निघून गेला. काचवाला खांबाशी पोचला तेव्हा साडेबारा वाजले होते आणि दगडाला हात लावला तर चटका बसत होता. उद्यापासून दुसऱ्या पुलांची पाळी होती; आजची चुकवली तर आठ दिवस या तड्यावर नजर राहणार नव्हती. त्याने चार काचा लावल्या. वही घरीच होती, आणि वहीत सहा वाजलेले होते.

आठ दिवसांनी तो पाहायला गेला तर चारपैकी तीन मोडलेल्या. सरळ, मधोमध.

वरून ट्रक जातच होते. त्या क्षणी त्याला दवाखाना आठवला नाही, रांग आठवली नाही. दिसत होत्या फक्त मोडलेल्या काचा. त्याने इंजिनियर मॅडमना फोन लावला. त्या तासाभरात आल्या, वाकून खांब पाहिला, वही उघडली.

"काका, या सहाला लावलेल्या ना?"

"हो," तो म्हणाला. छत्तीस वर्षांची सवय होती. तोंडातून दुसरं काही निघणारच नव्हतं.

दुपारी दोन वाजता पूल बंद झाला.

दुसरा रस्ता उत्तरेच्या घाटातून होता. एकशेनव्वद किलोमीटरचा वळसा आणि दोन ट्रक समोरासमोर आले की एकाने आरसे मिटायचे, इतकी जागा. पहिल्या आठवड्यात घाटाखाली दोन दिवसांची रांग लागली. राजधानीतल्या पिठाच्या गिरण्या एका पाळीवर आल्या. सिमेंटच्या कारखान्याची भट्टी विझवावी लागली, ती पुन्हा तापायला आठवडा लागतो. मंत्री म्हणाले, कशाचीही टंचाई नाही. त्याच दिवशी दुकानांत मीठ मिळेनासं झालं. रेल्वेच्या पुलाचा फोटो वर्तमानपत्रात पहिल्या पानावर आला. खाली कुणीतरी विचारलं होतं की याचे रूळ कुठे गेले.

ट्रकमालकांच्या संघटनेचा अध्यक्ष घरी येऊन दारातच उभा राहिला. "काचवाले, चार तुकड्यांनी अख्खा देश अडवलात हो तुम्ही. खिडकीची काच फुटली की घर सोडता का?"

"खिडकीवरून ट्रक जात नाहीत," काचवाला म्हणाला. या उत्तराचं त्याला त्या दिवशी बरं वाटलं होतं.

पूल बंद होऊन तेरा दिवस झाले तेव्हा भर दुपारी जावयाचा फोन आला.

"मामा, पूल बरा आहे ना? आम्ही मात्र कामातून गेलो."

"कुठे आहात?"

"घाटाखाली. कालपासून डोळ्याला डोळा नाही. जरा डुलकी लागली की मागचे हॉर्न मारतात." मग तो हसला. "त्या डोसाच्या दिवशी मी तुम्हाला दुपारपर्यंत अडकवलं, त्याचा सूड उगवताय ना? कबूल करा."

काचवाल्याची नजर पुलाकडे गेली.

"मामा? मस्करी केली हो. बाळाला फोन द्या."

त्याने फोन मुलीच्या हातात दिला आणि आत जाऊन वही काढली. सकाळी ६. आपलंच अक्षर.

मॅडमना तेव्हाच फोन करता आला असता. त्याने ठरवलं, आधी पहाटे नव्या काचा लावू, एक रात्र जाऊ दे, त्या टिकल्या की सांगू. अर्धवट गोष्ट त्याने वर कधी कळवली नव्हती, हे खरं होतं. छत्तीस वर्षांनंतर कुणासमोर मान खाली घालायची त्याची तयारी नव्हती, हेही खरं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला त्याने चार काचा लावल्या. त्याच दिवशी संध्याकाळी चारच्या सुमारास, घाटाच्या सहाव्या वळणावर, जावयाचा ट्रेलर कठडा तोडून खाली गेला. त्यात अठ्ठावीस टन सिमेंट होतं. मागच्या ड्रायव्हरने सांगितलं की ब्रेक लागल्याचा आवाजच आला नाही. बहुतेक झोप लागली असावी.

त्यानंतरच्या दिवसांत त्याने जे करायचं ते सगळं केलं. देह ओळखला, सह्या केल्या, माणसांना चहा दिला. मुलगी रडत नव्हती. आठव्या दिवशी सकाळी ती बाळाला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसली होती. पुलावर वाहतूक नसल्याने घर इतकं शांत होतं की बाळाचा श्वास ऐकू येत होता.

"बाबा, एक विचारू? पूल पडणारच होता ना?"

तो चूल पुसत राहिला.

"म्हणजे हिला मोठी झाल्यावर सांगायला बरं. आजोबांनी पूल बंद केला म्हणून पुष्कळ जण वाचले. तिचा बाबा गेला, पण पुष्कळ वाचले. एवढं तरी पाहिजे ना काहीतरी."

"दूध पाजलंस का तिला?" तो म्हणाला.

दोन दिवसांनी चाचणी झाली. मॅडमनी भरलेले आठ ट्रक चौथ्या खांबाच्या वर एकापाठोपाठ एक उभे केले आणि सबंध दिवस तिथेच ठेवले. संध्याकाळी दोघं खाली उतरले. चारही काचा शाबूत होत्या. काचवाल्याने एकेक पट्टी बोटाने चाचपून पाहिली, आणि एखादी तरी मोडलेली निघावी असं त्याला मनापासून वाटलं.

"मग आधीच्या कशा मोडल्या?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "काका, प्लॅस्टर कच्चं असेल. काचांचा तो गठ्ठाच खराब असेल. तसं लिहिते मी. तुमच्या घरी आधीच काय कमी झालंय का?"

त्याने त्यांच्या हातातून वही घेतली. त्या मंगळवारच्या ओळीवरचा सहाचा आकडा खोडला, पुढे 'दुपारी १२.३०' लिहिलं आणि सही केली.

मॅडमनी वही जवळ ओढून ती ओळ वाचली. "याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?"

"कळतो. आणि हे मला पूल बंद झाल्याच्या तेराव्या दिवशी आठवलं होतं. चौदाव्याला जावई गेले. तेही लिहा."

"ते लिहायची गरज नाही, काका."

"लिहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पूल उघडला. पहिल्या ट्रकमध्ये संघटनेचा अध्यक्ष स्वतः बसला होता आणि हॉर्नवरचा हात उचलत नव्हता. काचवाला तेव्हा घरात होता. मुलगी ओट्याशी उभी राहून बाळाची बाटली उकळत होती. फळीवरची भांडी किणकिणली. बाळ दचकून रडायला लागलं. साडेतीन आठवडे शांततेत गेल्याने त्याची सवय मोडली होती.

मुलीने वर फळीकडे पाहिलं. दुसरा ट्रक गेला, मग तिसरा.

"पूल उघडला?"

"हो."

"एवढ्यात दुरुस्त केला?"

त्याने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा तिच्या हातात दिलं.

"दुरुस्तीला काही नव्हतंच," तो म्हणाला. "बस जरा. तुला सांगायचंय."

ती बसली नाही. भांडी वाजतच होती.