मामांचं वजन आणि मी, धारूरचा काटा

मित्रांनो, धारूरच्या बाजारात राधाकिशनमामांचं आडतीचं दुकान आहे. तिथे दाराच्या आडोशाला काळा, बुटका वजनकाटा उभा दिसेल, तो मी. माझं अंग ओतीव लोखंडाचं आणि दांडी पितळेची. माझा जन्म भट्टीतला, म्हणून उन्हाळ्याची मला कधी भीती वाटली नाही.

उमेदीत मी फार राबलो. ज्वारी, तूर, करडई, सीताफळांच्या दिवसांत टोपल्या, सारं माझ्या फळीवरून गेलं. दसऱ्याला मला हळदकुंकू लागायचं, आपट्याचं पान मिळायचं. मग एक दिवस दुकानात लाल आकड्यांचा विजेचा काटा आला. मला दारामागे सरकवलं आणि माझ्या डोक्यावर तेलाचे रिकामे डबे रचले. सहा वर्षं मी डबेच मोजले म्हणा ना!

एका सकाळी मामांनी ते डबे स्वतः उतरवले, फडक्याने मला पुसलं, इकडेतिकडे पाहिलं आणि चपला काढून हळूच माझ्यावर चढले. एकशे चार किलो! गिऱ्हाइकांसमोर लाल आकड्यांवर चढायची त्यांना लाज वाटत होती. साखर वाढली होती, गुडघे दुखत होते, म्हणून डॉक्टर अदिबा यांनी त्यांना आठवड्याला एक इंजेक्शन सुरू केलं होतं. त्याने भूक कमी होते. त्याबरोबरच त्यांनी डाळ, उसळ, दही भरपूर खायला आणि नेमाने जोर लावून व्यायाम करायला सांगितलं होतं. मामांच्या लक्षात सुई तेवढी राहिली.

मला पुन्हा काम मिळालं, मित्रांनो! काय सांगू तो आनंद! दर सोमवारी मामा चढत आणि माझी दांडी खाली झुके. शंभर. शहाण्णव. एक्क्याण्णव. सगळा बाजार वाखाणू लागला. मामांच्या पत्नी वनमालाबाई नेमाधर्माच्या, सोमवार, चतुर्थी, एकादशी काही न चुकवणाऱ्या. मामांना भूकच नाही, तेव्हा त्यांनीही बायकोचे सगळे उपवास धरले. दोन घास भगर आणि चहा. आयतं पुण्य पदरात पडतंय, असं ते हसून सांगत. वजन चौऱ्याऐंशीवर आलं तेव्हा त्यांनी मला हार घातला. मीही फुगलो. काय घटत होतं ते मला तरी कुठे ठाऊक होतं!

मामांची भाची संस्कृती लहानपणापासून याच घरात वाढली. तिचं लग्न ठरलं. इकडची रीत अशी की नवरीला मामाने उचलून बोहल्यापर्यंत न्यायचं. मामा तर ती पाळण्यात असल्यापासून सांगत आले होते, माझ्या पोरीचा पाय मी त्या दिवशी जमिनीला लागू देणार नाही.

लग्नाला चार महिने होते. तानाजी हमाल जेवायला गेलेला, म्हणून मामा एका म्हातारीचा ज्वारीचा वीस किलोचा कट्टा उचलायला वाकले. पूर्वी ते क्विंटलाचं पोतं हलवत. कट्टा गुडघ्यापर्यंत आला, हातातून निसटला आणि ज्वारी माझ्या पायाशी सांडली. तेवढ्यात तानाजी परतला.

"मालक, चरबी गेली ते बरं झालं. पर तिच्यासंगं पैलवान बी गेला की वो."

मामा हसले नाहीत. दारात संस्कृती उभी होती. खाली बसून ती ज्वारी गोळा करू लागली आणि वर न बघताच म्हणाली, "मामा, मला हात धरून नेलं तरी चालंल. मी काय रुसणार न्हाई."

त्या दिवशी मामांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यातून आले ते ओशाळून. डॉक्टरबाईंनी हात न टेकवता खुर्चीवरून उठायला सांगितलं, तर चौथ्या वेळी मांड्या लटपटल्या. इंजेक्शन चालूच ठेवायचं, पण पोट रिकामं ठेवलं आणि अंग हलवलं नाही, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतो. पन्नाशीच्या माणसाला तो परत कमवायला कष्ट पडतात, असं त्यांनी समजावलं होतं.

वनमालाबाई ऐकत होत्या. देवापुढची समई सारखी करून त्या हळू आवाजात बोलल्या, "माझे उपास माझे मी धरीन. तुमचं व्रत आता ताटातलं. आधी डाळ, मग भाकर. भूक न्हाई म्हनायचं न्हाई."

आणि ते व्रत सुरू झालं! भूक थोडीच, म्हणून दिवसातून चारदा थोडंथोडं. मटकीची उसळ, पिठलं, दही, मूठभर शेंगदाणे. दिवसाआड दुकान उघडण्याआधी तानाजी माझ्यावर गव्हाची पिशवी मोजून ठेवी. ती छातीशी धरून मामा स्टुलावरून उठत, बसत, चालत. पाच किलोने सुरुवात झाली. दहा. सोळा. एकवीसला ते आठवडाभर अडकले, तेव्हा तानाजी बोलला, "घाई कावून करायलाव, मालक? नवरी काय पळून चालली न्हाई." मग पंचवीस. तेहेतीस. चाळीस! आता माझी दांडी वर उचलली जायची आणि मला वाटायचं, आणखी टाका!

लग्नाचा मांडव दुकानासमोरच पडला. ताशा वाजू लागला. मामांनी संस्कृतीला उचललं. पंधरा पावलं होती, मी मोजत होतो. दहाव्या पावलाला ते थांबले. तानाजी पुढे झाला. मामांनी मानेनेच नको म्हटलं, खोल श्वास घेतला. अकरा. बारा. ताशेवाला वाजवायचा थांबला. तेरा. चौदा. पंधरा! बोहल्यावर उतरताना संस्कृतीने त्यांच्या मानेभोवतीचे हात काही सोडले नाहीत. वनमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी औषधाने वजन उतरवत असेल, तर माझ्यासारख्या काट्याचं कौतुक जरा बेतानेच करा. किती गेलं एवढंच आम्हाला कळतं. काय गेलं, हे त्यांच्या हातापायांना विचारा. त्यांच्या ताटात डाळ वाढा, हातात झेपेल एवढं ओझं द्या. कुणाच्या तरी घरात अशी एखादी पोर मामाची वाट बघत असेल.